नऊ स्क्रू एका पातळीत

बायकोने जुनी जीप घेतली त्याच महिन्यात माझी नोकरी गेली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. जीपचा निर्णय तिने चार वर्षं विचार करून घेतला होता. माझ्याबाबतचा निर्णय व्यवस्थापनाने एका ईमेलने कळवला. त्यात 'पुनर्रचना' हा शब्द दोन परिच्छेदांत पाच वेळा आला होता. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की यातले चार सहज कापता आले असते.

बायको केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव आहे. आम्ही मुनिरक्याजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. जीप घ्यायच्या आधीपासून, तीन वर्षं, ती गुरुग्राममधल्या जीपवाल्यांच्या एका क्लबची सभासद होती आणि इतरांच्या गाड्या चालवत होती. या क्लबातली मंडळी पाच दिवस काचेच्या इमारतींमध्ये बसून असतात आणि रविवारी अरवलीच्या टेकड्यांत जाऊन स्वखुशीने गाड्या वाळूत रुतवतात. मग एकमेकांच्या गाड्या दोरीने ओढून काढतात, फोटो काढतात आणि जेवायला मॉलमध्ये जातात. क्लबचा प्रमुख एका कंपनीत मनुष्यबळ विभागाचा उपाध्यक्ष होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. लष्कराशी त्याचा संबंध हिरव्या रंगाच्या पँटपुरता होता.

त्या वर्षी क्लबने डोंगराळ स्पितीला जायचं ठरवलं. आठ गाड्या, नऊ दिवस. ताफ्यातली शेवटची गाडी बायकोकडे आली. शेवटची गाडी म्हणजे मागे पडलेल्यांना गोळा करत येणारी. कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाला उलटी झाली, तर सगळे पुढे जातात आणि शेवटची गाडी थांबते. ते काम क्लबात ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच देतात. एका बाईकडे ते पहिल्यांदाच आलं होतं. तिचा रजेचा अर्ज याआधी दोन वर्षं 'प्रशासकीय निकड' असा शेरा मारून परत आला होता. तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. पुढच्या वर्षी तिची बढती अपेक्षित होती, आणि बढतीनंतर सलग नऊ दिवस मिळणार नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जायचं तर आत्ताच.

अट एकच होती. प्रत्येक गाडीत चालू अवस्थेतला सीबी रेडिओ हवा. तिथल्या बऱ्याच रस्त्यांवर मोबाइल चालत नाही. सीबी रेडिओ म्हणजे डॅशबोर्डखाली बसवायचा, वहीएवढा डबा आणि गुंडाळीच्या वायरीला लटकणारा माइक. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्याच्या लहरींना परवाना लागत नाही, म्हणून क्लबवाल्यांना तो प्रिय. बायकोच्या जीपमध्ये एक सेट आधीच्या मालकाने ठेवला होता. तो मेलेला होता. नवा परदेशातून मागवायचा तर निघायच्या तारखेपर्यंत येणार नव्हता.

"करोल बागेत दुरुस्तीला दे," बायको म्हणाली.

"मीच करतो," मी म्हणालो. "शिकून घेतो. वेळ आहेच."

कॉलेजात जाणारी मुलगी फोनमधून मान वर करून म्हणाली, "बाबा, तुला बल्ब बदलायलासुद्धा इलेक्ट्रिशियन लागतो, यार."

हे वस्तुस्थितीला धरून होतं. पण बेकार झालेल्या माणसाला वस्तुस्थितीत फारसा रस नसतो. मी तीन दिवस व्हिडिओ पाहिले. त्यांत लांबलचक गॅरेजं असलेले गोरे आजोबा हसतमुखाने रेडिओ उघडत आणि वीस मिनिटांत मिटत. चौथ्या दिवशी मी सेट पिशवीत घालून मेट्रोने करोल बागेत गेलो. क्लबातल्या अनेकांचे सेट जिथे दुरुस्त होत त्या दुकानाचा पत्ता माझ्याकडे होता.

दुकान गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत होतं. पुढे सीट कव्हरं, हॉर्न आणि आरशाला टांगायच्या माळा. मागे पाच फुटी टेबल. टेबलाशी सत्तरीकडे झुकलेले उस्ताद. त्यांनी आयुष्यभर गाड्यांचे स्टिरिओ दुरुस्त केले होते. मग गाड्या स्क्रीन बसवूनच येऊ लागल्या, आणि तो धंदा संपल्यावर जीपवाले आले. उस्तादांनी माझा सेट हातात घेतला, हलवला, आणि वास घेतला.

"किसने खोला था?"

"किसी ने नहीं. बंद पड़ा है."

"बंद है मतलब किसी ने खोला है. आप क्या करते हैं?"

"अख़बार में था."

"था?"

"था."

"फिर तो टाइम है. बैठो."

मला शिकायचंय हे मी सांगितलं. उस्तादांना त्यात आश्चर्य वाटलं नाही. वर्षातून एखादा तरी रिकामा साहेब त्यांच्याकडे हा हट्ट घेऊन येत असावा. त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला, पाच दिवस हात खिशात. दुसरा नियम सांगताना त्यांनी टेबलावरची लाल नेलपॉलिशची बाटली दाखवली. सेटमधली फिरणारी कुठलीही गोष्ट फिरवण्याआधी तिच्यावर आणि तिच्या शेजारी लाल ठिपका द्यायचा, म्हणजे मुळात ती कुठे होती ते कळतं.

"निशान नहीं लगाया तो वापस कैसे आओगे?"

मी ते वहीत लिहून घेतलं. लेखात वापरता येईल असा रंगतदार तपशील म्हणून लिहिलं. ती सूचना आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. नेलपॉलिश बाळगणारा म्हातारा कारागीर: रविवारच्या पुरवणीत अशा माणसाला चौकटीत टाकतात.

पाच दिवस मी हात खिशात घालून स्टुलावर बसलो. उस्ताद मला 'एडिटर साहब' म्हणू लागले होते. त्या पाच दिवसांत मला कळलं ते असं, की निम्म्या सेटना काहीच झालेलं नसतं. माइकची वायर जिथे वाकते तिथे आतून तुटलेली असते. उरलेल्या निम्म्यांना जे झालेलं असतं ते आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने केलेलं असतं. वृत्तपत्रातही प्रमाण साधारण असंच होतं.

सहाव्या दिवशी माझा सेट टेबलावर आला. त्याच्या आधीच्या मालकाने बॅटरीच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. अशा वेळी एक छोटा काळा डायोड सगळा मार स्वतःवर घेतो, जळतो, आणि आतल्या मंडळींना वाचवतो. मी ज्या संस्थेत होतो तिथे असं पद नव्हतं. तो डायोड काढून नवा बसवायचा होता. भांड्याला डाख देतात तोच प्रकार, फक्त भांडं नखाएवढं. मी पहिल्यांदा अंगठा भाजला, दुसऱ्यांदा टेबल, तिसऱ्यांदा डायोड उलटा बसवला. उस्तादांनी तो काढला आणि परत माझ्या हातात दिला. चौथ्यांदा जमलं. वीज जोडली, पिवळा दिवा लागला आणि सेटमधून खरखर आली. शेजारच्या हॉर्नवाल्याने टाळ्या वाजवल्या.

"बोल रहा है," उस्ताद म्हणाले. "अब घर ले जाओ, गाड़ी में लगाओ, और अंदर हाथ मत डालना."

निघायला सोळा दिवस होते. बायकोने त्या संध्याकाळी जीपमध्ये बसून चॅनेलं फिरवली. कुठल्याशा ट्रकवाल्याचा आवाज आला. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती जी मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी सेट काढून घरात आणला. कारण काही नव्हतं. आतून एकदा नीट साफ करावा एवढाच हेतू. झाकण उघडलं. पत्र्याच्या छोट्या छोट्या डब्या एका रांगेत होत्या. प्रत्येकीत एक काळा स्क्रू, आणि त्याच्यावर मेणाचा थेंब. नऊ स्क्रू. एक वर, दोन खाली, एक अर्धवट, एक जवळजवळ बाहेर. ही रांग पाहून मला शारीरिक त्रास झाला. तीस वर्षं मी मथळ्यांच्या ओळी एका रेषेत बसवल्या होत्या. स्तंभाच्या तळाशी एक ओळ लोंबली तर पान थांबवलं होतं. आधीच्या मालकाने वायरी उलट्या जोडल्या होत्या. हेही त्याचंच काम, असा निष्कर्ष मी काढला. दुसऱ्या स्रोताकडे विचारणा केली नाही.

चष्म्याच्या दुरुस्तीचा स्क्रूड्रायव्हर घेतला. मेण खरवडलं. एकेक स्क्रू फिरवून सगळे एका पातळीत आणले. पाचवा जरा अडला, मी जोर दिला, बारीक कट्ट असा आवाज झाला आणि तोही आला. पट्टी लावून पाहिलं. नऊ स्क्रू, एक सरळ रेषा. देखणं काम होतं.

सेट गाडीत लावला. दिवा लागला. खरखर गेली होती. ट्रकवाला गेला होता. सेट अत्यंत शिस्तीत गप्प होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात उस्तादांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"कितने घुमाए?"

"नौ."

"कितना-कितना?"

"जितना ज़रूरी था."

"किसको ज़रूरी था?"

मी म्हटलं, सगळे वरखाली होते, मी बरोबरीत आणले. उस्ताद उठले आणि दारात जाऊन हॉर्नवाल्याला हाक मारली.

"आओ जी, देखो! एडिटर साहब ने सबको बराबर कर दिया!"

हॉर्नवाल्याने वाकून पाहिलं. "सुंदर लग रहा है."

"हाँ, फ़ोटो खींच लो. बोलेगा कुछ नहीं."

मग त्यांनी समजावलं. त्या प्रत्येक स्क्रूची उंची कारखान्यात वेगळी ठरवलेली असते. कोण किती आत गेला यावर कुठल्या लहरी आत येणार आणि किती जोराने बाहेर जाणार ते ठरतं. ते वरखाली असणं म्हणजेच रेडिओ. मूळ जागा कुठल्या होत्या, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. लाल ठिपका नव्हता. शिवाय धातूच्या स्क्रूड्रायव्हरने पाचव्याला तडा गेला होता.

"आप कर दीजिए, उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी मागचं फळकुट दाखवलं. त्यावर वीसेक सेट होते. पहाडात जायचा हंगाम. प्रत्येकावर नाव आणि तारीख. माझा नंबर बायको स्पितीहून परत आल्यावर लागला असता. "बैठो, आप करो," ते म्हणाले. "मैं बग़ल में हूँ."

घरी बायकोने विचारलं, सेट कुठाय. मी म्हणालो, थोडं काम बाकी आहे, प्रगतिपथावर आहे.

तिने चहाचा कप खाली ठेवला. "हे वाक्य मी फायलींवर दिवसातून चार वेळा लिहिते. त्याचा अर्थ काय असतो ते मला सांगू नकोस. झालं काय?"

मी सांगितलं. क्रमाने, विशेषणं न वापरता. ती ऐकत होती. पट्टी लावून पाहिल्याचा तपशील आला तेव्हा तिने डोळे मिटले.

"तुला कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"कुणी नाही."

"चालू होता ना?"

"होता."

"अच्छा." ती उठली. "चौदा दिवस आहेत. नाही जमलं तर तेराव्या दिवशी कॅप्टनला कळवावं लागेल. त्याच्याकडे शेवटच्या गाडीसाठी दुसरा माणूस तयारच आहे. तो तर वाटच बघतोय." दारापाशी जाऊन ती वळली. "मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. पण तू तर बिल्कुल मन लावून केलंयस."

पुढचे अकरा दिवस मी रोज सकाळी करोल बागेत गेलो. उस्तादांनी मला प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर दिला आणि नेलपॉलिशची बाटली. एका भंगार सेटमधून त्यांनी पाचव्याच्या जागी बसेल असा स्क्रू काढून दिला. तो नेमका त्या मापाचा नव्हता, जवळपासचा होता. काम असं: ठिपका द्यायचा, पाव फेरा फिरवायचा, मीटरचा काटा पाहायचा, वहीत लिहायचं, पुढच्याकडे जायचं. पुढचा फिरवला की आधीचा बिघडायचा. नवव्यापाशी पोचलो की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या तीन दिवसांत सेटने फक्त एकदा आवाज काढला, तो करोल बागेतल्या एका रिक्षाच्या इंजिनाचा होता.

चौथ्या दिवशी काटा चांगला वर गेला. मी आनंदाने उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी सेटला टिचकी मारली. काटा पडला.

"जहाँ सबसे ऊँचा जाए वहाँ मत छोड़ो," ते म्हणाले. "पहाड़ में गाड़ी उछलेगी. जहाँ टिका रहे, वहाँ छोड़ो."

म्हणजे सर्वोत्तम मिळाल्यावर ते सोडून जरा अलीकडे यायचं. माझ्या व्यवसायात याला ढिलाई म्हणत. मी मागे आलो, टिचकी मारली, काटा राहिला. हॉर्नवाला रोज दुपारी येऊन विचारायचा, "एडिटर साहब, आज ऊँच-नीच ठीक से फैला दी?" अकराव्या दिवशी मी झाकण लावलं. आत नऊ स्क्रू नऊ उंचींवर होते. पाहवत नव्हतं.

"ठीक है?" मी विचारलं.

"पाँचवाँ उधार का है," उस्ताद म्हणाले. "सुनेगा पूरा. बोलेगा थोड़ा कमज़ोर." त्यांनी तपासणीसाठी आपला एक जुना सेट मला देऊन ठेवला.

तो मी माझ्या छोट्या गाडीत लावला, आणि त्या शनिवारी सकाळी क्वार्टरच्या पार्किंगमध्ये बसून राहिलो. बायको जीप घेऊन रिंग रोडच्या दिशेने गेली. जाताना ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. तीन वेळा गेली, तीन वेळा आली. आवाज प्रत्येक वेळी दोन किलोमीटरच्या आसपास तुटला. परतल्यावर ती जीपमधून उतरलीच नाही. खिडकीची काच खाली केली.

"किती धरू?"

मी म्हणालो, इथे इमारती आहेत, डोंगरात मोकळी जागा असेल, पण वळणंही असतील, त्यामुळे सर्वसाधारणपणे परिस्थितीनुसार...

"अरे, मी बातमी मागत नाहीये. आकडा सांग. त्या आकड्याच्या भरवशावर मी मागे थांबून पुढच्यांकडे मदत मागणार आहे."

"दोन," मी म्हणालो. "त्यापुढे धरू नकोस."

"चलो," ती म्हणाली आणि काच वर केली.

निघण्याच्या आदल्या दिवशी गुरुग्रामच्या सोसायटीत क्लबची बैठक होती. स्लाइडही होत्या. शेवटी पार्किंगमध्ये प्रत्येकाचा सेट तपासला. कॅप्टन पन्नास पावलांवर आपल्या गाडीत बसून होता. बायकोने बटण दाबलं, आणि त्याने अंगठा दाखवला. "लाउड अँड क्लिअर! पास!"

प्रकरण तिथे संपलं होतं. कागदोपत्री सगळं ठीक होतं. बायको जीपमधून उतरून त्याच्याकडे गेली. "माझा सेट दोन किलोमीटरपर्यंतच बोलतो. त्यापुढचं मी धरणार नाही, तुम्हीही धरू नका."

कॅप्टनचा चेहरा लांबला. "मैम, टेल कार में तो फुल रेंज चाहिए. आप बीच में आ जाइए ना. नो इगो."

"नियम काय आहे?"

"वर्किंग रेडिओ."

"तो आहे. अंतराचा उल्लेख नियमात नाही. मी दोनदा वाचला." हे सगळं ती हिंदीत म्हणाली, पण स्वर मंत्रालयातला होता. "और आठ गाड़ियाँ अगर दो किलोमीटर से ज़्यादा फैल गईं, तो वो कॉन्वॉय नहीं है, ट्रैफ़िक है. आप सातवीं गाड़ी को बोलिए, मेरे साथ रहे. मेरी बात वो आगे पहुँचाएगा."

कॅप्टनने थोडा विचार केला. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला, समोरची व्यक्ती नियम वाचून आली आहे, हे लवकर कळतं. त्याने लॅपटॉप उघडून स्लाइड बदलली. सातवी गाडी ज्याला दिली तो शेवटच्या गाडीची वाट बघणारा माणूस होता. त्याने ते हसून स्वीकारलं, म्हणजे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच सोसायटीतून गाड्या निघाल्या. क्लबच्या झेंड्यासोबत कॅप्टन पहिला. मग एकामागून एक. बायको शेवटची. मी उस्तादांचा सेट लावलेल्या माझ्या गाडीत पार्किंगमध्येच बसून होतो.

"टेल टू लीड," तिचा आवाज आला. "आठों बाहर." मग थोडं थांबून मराठीत, "येतंय का रे?"

"येतंय."

"एक किलोमीटर."

"येतंय."

मध्येच कॅप्टन म्हणाला, "चैनल क्लियर रखिए प्लीज़, ये कौन सी लैंग्वेज है?"

"तपासणी चालू आहे," ती त्याला मराठीतच म्हणाली. "एक पॉइंट आठ."

"येतंय."

"दोन." खरखर वाढली होती. "दोन पॉइंट दोन. अजून येतंय?"

"येतंय. बारीक."

"दोन पॉइंट ती..."

पुढे खरखर होती. मी बटण सोडून बसलो. तिचा आवाज पुन्हा आला नाही. उस्तादांच्या सेटमधले नऊही स्क्रू कारखान्यातल्या जागी होते. म्हणजे मी तिला ऐकू शकत नसलो तरी ती मला अजून थोडा वेळ ऐकू शकत होती. मी बटण दाबलं.

"दोन पॉइंट तीनला तुटलं," मी सांगितलं. "तू दोनच धर."

हा मजकूर तिच्यापर्यंत पोचला किंवा नाही याची खातरजमा होऊ शकली नाही.